परतलेल्या शिपायाचे गाव

बोरिवलीस पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर बहुतेक लोक कान्हेरीच्या लेण्यांचे नाव सांगून मोकळे होतात. स्थानकाच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यान, त्यात लेणी आणि वनभोजनास सोयीची झाडी, एवढ्यावर बोरिवलीचे माहात्म्य संपते. पश्चिमेस खाडीच्या अंगाला एकसर नावाचे एक जुने गाव आहे आणि तेथे आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या शिपायांची स्मारके उभी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आम्हांलाही नव्हते. गेल्या डिसेंबरात एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतांनी तेथे एक रविवार घालविला. पाहावयास गेलो होतो जुने दगड. परत येताना मनात राहिले ते एक घर.

हे स्नेही म्हणजे एक सेवानिवृत्त कर्नलसाहेब. त्यांची आमची ओळख बेळगावची. आमचे थोरले बंधू तेथे नोकरीस असताना शेजारच्या बंगलीत हे कुटुंब राहात असे. साहेब मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. त्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावासच आहे. जातीने ते ख्रिस्ती, त्यातही मुंबई-साष्टीचे मूळ रहिवासी असलेले ‘ईस्ट इंडियन’. हे नाव ऐकून पुष्कळांचा गोंधळ होतो. ही मंडळी पूर्वेकडील नव्हेत. ती येथलीच, आणि त्यांची घरची भाषा मराठी. इंग्रजी अमलात गोव्याहून आणि मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख निराळी राहावी म्हणून त्यांच्या पुढाऱ्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे नाव धारण केले. तेव्हा रणांगणात ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी गर्जना करणाऱ्या पलटणीत बत्तीस वर्षे काढलेले आमचे कर्नलसाहेब सकाळी चर्चमध्ये जातात आणि आईशी साष्टीच्या मराठीत बोलतात, यात त्यांना काहीच विसंगत वाटत नाही. आम्हांलाही पुढे वाटेनासे झाले.

बोरिवलीहून एकसरला जाणे आता फार सोपे झाले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, या बाजूची मेट्रो सुरू झाली आणि तिच्या एका स्थानकाला ‘एकसर’ असेच नाव मिळाले. पुढचे स्थानक मंडपेश्वर. उंचावरून खाली पाहिले तर चहूकडे उंच इमारती दिसतात. परंतु जिना उतरून आतल्या गल्लीत शिरले की कौलारू घरे, ओटे आणि पांढऱ्या रंगाने सारवलेले कुरूस यांचे गावठाण एकदम समोर येते. नाताळ जवळ आल्यामुळे दारोदार कागदी चांदण्या टांगलेल्या होत्या. कर्नलसाहेब स्थानकाशीच उभे होते. “वेळेवर आलात,” एवढेच बोलून ते पुढे चालू लागले, आणि आम्हांलाही नकळत त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागले.

प्रथम त्यांनी आम्हांस वीरगळ दाखविले. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्ये एकसरच्या सहा वीरगळांचे सविस्तर वर्णन आहे. लढाईत पडलेल्या वीरासाठी गावाने उभारलेला दगड म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रात असे दगड गावोगाव आढळतात. परंतु एकसरच्या दगडांचा विशेष असा की, त्यांपैकी काहींवर समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. दगड खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या पट्टीत डोलकाठ्यांची गलबते ओळीने चालली आहेत आणि त्यांच्या कडेने वल्ह्यांची रांग दिसते; वरच्या पट्टीत ती शत्रूच्या गलबतांना भिडली आहेत; त्याहून वर वीर पडले आहेत; आणि अगदी वरती ते शिवलोकी पोहोचून लिंगाची पूजा करीत आहेत. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा देवगिरीच्या महादेव यादवाने पाडाव केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीने लिहून ठेवले आहे. हेमाद्री म्हणजे आपल्या परिचयाचा हेमाडपंत. काही अभ्यासक हे दगड तेराव्या शतकातील त्याच संग्रामाचे मानतात, तर काहींना ते त्याहून जुने वाटतात.

आम्ही नक्षी न्याहाळीत होतो. कर्नलसाहेब मात्र हात मागे बांधून स्वस्थ उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, “लहानपणी आम्ही येथे लपंडाव खेळत असू. आता पाहतो तेव्हा एकच गोष्ट मनात येते. जो पडला त्याचा दगड झाला. जो घरी परतला त्याचे काय झाले, हे कोणी कोरून ठेवलेले नाही.”

त्यांच्या या बोलण्याचा अर्थ आम्हांला दुपारपर्यंत पुरता उमगला नाही.

तेथून चालण्याच्या अंतरावर मंडपेश्वर आहे. डोंगराच्या पायथ्याशी खोदलेले हे शैव लेणे. आत प्रशस्त मंडप, नक्षीदार खांब आणि झिजलेला तरीही डौल न सोडलेला नटराज. सोळाव्या शतकाच्या मध्यास अंतोनियो द पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले आणि त्याच्या माथ्यावर मठ व विद्यालय बांधविले. त्या इमारतीच्या भिंती आज छप्पर हरवून उभ्या आहेत आणि लेण्यात एके ठिकाणी मूर्तिशिल्पाच्या जागी कोरलेला क्रूस दिसतो. आता लेणे पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे आणि शिवाची पूजाही होते. जवळच निष्कलंक मातेचे चर्च आहे. आयसी कॉलनी हे वस्तीचे नाव त्याच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. ८ डिसेंबरला या चर्चचा सण असतो. आम्ही गेलो तो लगेचचा रविवार असल्यामुळे तोरणे अजून उतरली नव्हती.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे, कारण पुढील हकिकतीशी त्याचा संबंध आहे. पोर्तुगीज अमलात वसई-साष्टीची गावे राजाची चाकरी केलेल्या लोकांना अल्प खंडावर, पुष्कळदा तीन पिढ्यांच्या बोलीने दिली जात आणि त्याबदली प्रसंगी घोडा व हत्यारबंद माणसे पुरविण्याची अट असे. म्हणजे लढून थकलेल्या शिपायाने उरलेले आयुष्य येथे वाडा बांधून सुखाने काढावे, असा तो बेत होता. तो बेत १७३७ साली मराठ्यांनी साष्टीवर चाल करून उधळला आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तो कायमचा संपला. तहाप्रमाणे किल्ल्यातील शिबंदी आपल्या सन्मानाने, बायकामुलांसह बाहेर पडली. ज्यांना जमीन इनाम मिळाली होती ते गेले. ती कसणारे मात्र येथेच राहिले. कर्नलसाहेबांचे पूर्वज त्या कसणाऱ्यांपैकी. “आमच्या घराण्यात निवृत्तीवर जमीन मिळालेला कोणी नाही,” ते हसत म्हणाले, “आणि विकत घ्यावयास गेलो तो मीच फसलो.”

दुपारी त्यांच्या घरी गेलो. घर शंभर वर्षांचे तरी असावे. पुढे ओटा, आत माजघर, मागे लहानसे आवार आणि लोखंडी जाळी घातलेली विहीर. माजघरात खाटेवर त्यांच्या मातुश्री बसल्या होत्या, वय ८६. त्यांनी आमच्या सौभाग्यवतींस जवळ बसवून घेतले आणि मुले किती, सून कोठली, याची चौकशी अशा रीतीने केली की, आमच्याच घरातील कोणी वडील बाई बोलत आहेत असे वाटावे. आम्ही शाकाहारी म्हणून वहिनींनी तांदळाची चितापे आणि बटाट्याची भाजी केली होती. भिंतीला लागून काळ्या रंगाच्या लष्करी पेट्यांची चळत होती. त्यांवरील नाव, हुद्दा आणि नंबर यांची पांढरी अक्षरे अद्याप पुसलेली नव्हती.

जेवताना सारी हकिकत कळली. सैन्यात कर्नलच्या हुद्द्याला ५४ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. इतर नोकरदार ज्या वयात बढतीची वाट पाहतात त्या वयात हा मनुष्य एकाएकी घरी बसतो. यासाठी उभयतांनी दहा वर्षे आधीपासून बेत आखला होता. देवळालीस घर घ्यावयाचे. हवा चांगली, छावणी जवळ आणि आजूबाजूला आपल्यासारखीच माणसे. एकसरच्या घरातील आपला हिस्सा विकून पैसे भरावयाचे आणि मातुश्रींना बरोबर न्यावयाचे. त्यांनीही होकार दिला होता. विसाराची रक्कम भरली गेली. मे महिन्यात साहेब निवृत्त झाले आणि ऑगस्टच्या पावसात मातुश्री ओट्यावरून घसरल्या. कुलाब्यास ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात खुब्याची शस्त्रक्रिया झाली. काही महिने हलविता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. देवळालीच्या हप्त्याची मुदत टळली. विसारापैकी काही रक्कम परत मिळाली, काही बुडाली.

“मग चार महिन्यांनी का गेला नाहीत?” आम्ही विचारले.

साहेबांनी थोडा वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, “ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा असतो. नव्या भाताचा सण. आता येथे शेते राहिली नाहीत, तरी लोंब्या कोठून तरी आणतात, पाद्री आशीर्वाद देतात आणि घरोघर वाटतात. बत्तीस वर्षांत मी एकदाही त्या दिवशी गावात नव्हतो. या वर्षी आईची लोंबी आणावयास मीच गेलो. वाटेत लोक विचारू लागले, तू अमक्याचा मुलगा ना? हुद्दा कोणी विचारला नाही. घरी येऊन लोंबी आईच्या हातात दिली. ती म्हणाली, ‘देवळालीस शेत आहे का रे?’ बस्स, एवढेच.”

या देशाचे एक माजी सरसेनापती जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज यांचे उदाहरण आम्हांला आठवले. त्यांचा जन्म मुंबईचाच. १९९३ साली निवृत्त होऊन ते गोव्यास स्थायिक झाले. परंतु २००४ साली पंजाबचे राज्यपालपद आले आणि २०१० पर्यंत मुक्काम पुन्हा उत्तरेस हलला. शिपायाने निवृत्तीचे कितीही नकाशे काढले तरी बदलीचा हुकूम कोठून येईल याचा नेम नसतो, असे आम्ही म्हणालो. त्यावर इतका वेळ मुकाट्याने वाढीत असलेल्या वहिनी बोलल्या.

“ह्यांच्या बदल्या सरकारने केल्या, त्या मी निमूटपणे भरल्या पेट्यांनी पाळल्या. ही बदली सासूबाईंनी केली. पण या सगळ्यांत मला कोणी विचारले आहे का?”

सारे स्तब्ध झाले. वहिनींनी उठून एका पेटीचे झाकण उघडले. आतल्या बाजूला चौकटीच्या कागदावर काढलेला बागेचा नकाशा चिकटविलेला होता: कुंपणाशी पेरू, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी लिंबू, फाटकाशी पारिजातक. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी सोळा घरे बदलली. प्रत्येक घरी त्यांनी एकतरी झाड लावले आणि एकाचेही फळ खाल्ले नाही. फळ धरावयाच्या आत बदलीचा हुकूम येई. देवळालीचा बेत साहेबांना घर हवे म्हणून झालेला नव्हता. तो या नकाशासाठी होता.

आम्हांला सकाळचे बोलणे आठवले. लढाईत पडलेल्याचा दगड होतो. परतलेल्याचा होत नाही. परंतु त्या परतलेल्याच्या मागे पेट्या बांधीत आणि सोडीत जी हिंडली, तिची आठवण ठेवावी असे तर कोणाच्या मनातही येत नाही. साहेबांना त्यांचे गाव परत मिळाले, मातुश्रींना मुलगा मिळाला. वहिनींना काय मिळाले, या प्रश्नाला त्या माजघरात कोणापाशी उत्तर नव्हते आणि साहेबांनीही ते आहे असा आव आणला नाही. ते खाली पाहून एवढेच म्हणाले, “तिचे म्हणणे खरे आहे.” बत्तीस वर्षे हुकूम देण्यात आणि पाळण्यात घालविलेल्या मनुष्याच्या तोंडून हे चार शब्द निघणे सोपे नसावे.

निघताना वहिनी आम्हांस मागच्या आवारात घेऊन गेल्या. विहिरीजवळ वीतभर उंचीचे लिंबाचे रोप होते. कुंडीत नव्हते, जमिनीत लावलेले होते. “हे नोव्हेंबरात लावले,” त्या म्हणाल्या. “लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. इतकी वर्षे एका घरी आम्ही कधी राहिलोच नाही. पाहू या.”

आमची लिहिण्याची खोड त्यांना ठाऊक होती. फाटकाशी त्या सौभाग्यवतींना हळूच म्हणाल्या, “मी राजी झाले असे मात्र लिहू नका. राहिले, एवढेच लिहा.”

त्यांच्या सांगण्याप्रमाणे तेवढेच लिहिले आहे. परतताना मेट्रोच्या फलाटावरून गावाकडे पाहिले. इमारतींच्या आड ना वीरगळ दिसत होते, ना ते कौलारू घर. वाचकांपैकी कोणी एकसरला गेले तर वीरगळ अवश्य पाहावेत, आणि खालून वर वाचावेत. आम्ही मात्र आणखी तीन वर्षांनी पुन्हा जाणार आहोत, ते लिंबू पाहावयास.