व्हिएन्नाची थंडी आणि तेवीस किलो

दरवर्षी दसरा आटोपला की मला भारतातून एकाच छापाचे निरोप यायला लागतात. "नाताळात युरोपला येतोय. थंडीचे कपडे काय काय घेऊ?" म्युनिकमध्ये राहून मला दहा वर्षं झाली, त्यातली चार डॉक्टरेटमध्ये गेली आणि विषय होता उष्णतेचं वहन. त्यामुळे नातेवाइकांचा असा समज आहे की स्वेटर या विषयावर माझा शब्द अखेरचा. खरं तर प्रयोगशाळेत मी पाइपांना गुंडाळायच्या आवरणांवर काम करते. पण माणूस म्हणजे तरी काय, ३७ अंशांवर चालणारा एक पाइपच, असं म्हणून मीही हौसेनं उत्तरं देते. आज ती सगळी एकत्र लिहून टाकते.

पहिली गोष्ट. आपल्याकडे थंडी म्हटली की डोळ्यांसमोर महाबळेश्वर येतं. तिथे बाहेर जितकं गार, जवळजवळ तितकंच खोलीत गार. साताऱ्याच्या आमच्या घरीही जानेवारीत सकाळी अंगावर चढलेला स्वेटर दहा वाजता ऊन आल्यावरच उतरतो. म्हणजे आपली थंडी एकसंध असते. युरोपातल्या शहरांची तशी नसते. व्हिएन्नाला जानेवारीत बाहेरचं तापमान शून्याच्या आसपास, पण दार ढकलून दुकानात शिरलात की आत वीस-बावीस अंश. ट्राममध्ये गरम, संग्रहालयात गरम, कॉफीहाउसात तर खिडक्यांवर वाफ धरलेली. एका दिवसात आम्ही किती वेळा आत-बाहेर केलं ते मी एकदा मोजलं होतं. सतरा वेळा!

आता तुम्ही म्हणाल, मग चांगला जाडजूड जॅकेट घेतला की झालं. इथेच घोटाळा होतो. जाड जॅकेटच्या आत फक्त सुती शर्ट असेल तर माणसाला दोनच पर्याय उरतात, उकडणं किंवा काकडणं. आत शिरलात की घाम येतो, सुती बनियन तो पिऊन बसतं, आणि बाहेर पडलात की तेच ओलं बनियन पाठीला चिकटतं. पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा वीसहून अधिक पट सहज वाहते. म्हणजे घामेजलेलं बनियन अंगावर असणं हे ते नसण्यापेक्षा वाईट. लोकर मात्र आपल्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प तंतूंत शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. थंडीच्या देशांनी शेकडो वर्षं लोकरच धरून ठेवली, ती काही उगीच नाही.

आणि ऊब कापडात नसते, बरं का. ऊब असते कापडात अडकून पडलेल्या हवेत. कपड्यांची ऊब मोजायचं एक एकक आहे, 'क्लो'. १९४१ साली अमेरिकेत गॅग, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी ते मांडलं. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढे कपडे पुरतात ते एक क्लो, साधारण एक सूट. दोन पातळ थरांमध्ये हवेचा आणखी एक थर फुकट मिळतो, म्हणून दोन पातळ स्वेटर एका जाड स्वेटरला भारी पडतात. शिवाय त्यांतला एक काढता येतो. सांगायचा मुद्दा असा की थंडीचे कपडे घ्यायचेच नाहीत. काढता येणारे कपडे घ्यायचे.

हे सगळं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत होते. पण २०२४ च्या जानेवारीत आई-बाबा पहिल्यांदा हिवाळ्यात आले तेव्हा हा विषय नुसता गमतीचा राहिला नाही. बाबा सत्तर वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. डॉक्टरांनी परवानगी दिली ती अटींवर. नाक-तोंड झाकून चालायचं, बोचऱ्या वाऱ्यात घाई करायची नाही, जड सामान उचलायचं नाही. आईला बाकी काही नाही, पण पासष्टीनंतर बर्फावर पाय घसरला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. मे महिन्यात या, असं मी दहादा सुचवलं. बाबा म्हणाले, "मे महिना आम्ही साताऱ्यातही बघतो. मला बर्फ बघायचाय. पुढच्या वर्षीचं कोणी सांगितलंय?" यावर काय बोलणार!

मग बाबांनी एक्सेलमध्ये यादी केली. एकवीस नग, सत्तावीस किलो. तिकिटावर तेवीस किलोची मुभा, आणि त्यात तिळगुळाचे आणि भाजणीचे चार किलो अजून धरलेच नव्हते. आम्ही व्हिडिओ कॉलवर बसून एकेक नग खोडत गेलो. उरलं ते असं, दोघांना सहा दिवस पुरणारं:

अंगालगत घालायचे पातळ मेरिनो लोकरीचे दोन जोड, वरचे आणि खालचे. लोकरीला सुतासारखा लगेच वास येत नाही, रात्री खिडकीपाशी टांगली की सकाळी ताजी. त्यावर एक शर्ट किंवा ब्लाउज. त्यावर एक पातळ आणि एक जरा जाड स्वेटर. लोकरीच्या दोन विजारी, एक करडी, एक गडद निळी. सगळ्यावर एक लांब कोट, गुडघ्यापर्यंतचा. कान झाकणारी टोपी, मफलर, हातमोज्यांचे दोन जोड (एक जोड हरवतोच, ही काळ्या दगडावरची रेघ). पायमोजे मात्र सढळ हातानं घ्या. आणि बूट एकच, पण चांगला.

बुटाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण कपड्यांत चूक झाली तर सर्दी होते, बुटात झाली तर हाड मोडतं. रबरी तळ, त्याला खोल खाचा, घोट्याच्या वर येणारा. माप अर्ध्यानं मोठं घ्यायचं, कारण आत लोकरी मोजे असतात, आणि पाय आवळून बसले तर ती बिचारी हवा राहणार कुठे? व्हिएन्नात बर्फ पडला की फूटपाथवर बारीक खडी टाकतात. तरी सावलीतल्या कोपऱ्यावर काचेसारखा थर उरतोच. तिथे बदकासारखं, अख्खं पाऊल टेकवून, छोटी पावलं टाकत चालायचं. आणि नवा बूट विमानात घालून यायचं नाही. तो आधी दीड-दोन महिने वापरायचा. आई नोव्हेंबरपासून रोज बूट घालून चार भिंतीपर्यंत फिरायला जात होती. "अगं, सगळी पेठ विचारते, पोलीस भरतीला निघालात का म्हणून." पण व्हिएन्नात तिच्या पायाला एक फोड आला नाही.

कोट भारतातून आणायचा नाही, हा माझा ठाम सल्ला. तो तेवीसपैकी अडीच किलो एकटा खातो. मी दोन कोट इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेऊन ठेवले होते, दोन्ही लोडेनचे. लोडेन म्हणजे आल्प्सच्या डोंगरांतलं लोकरीचं कापड. विणल्यावर ते पाण्यात साबण लावून भरपूर मळतात, कुटतात. त्यानं ते आटतं, तंतू एकमेकांत गुंततात, आणि मग वारा आत शिरत नाही, भुरभुर पाऊस वरूनच ओघळतो. मेंढपाळांचं आणि शिकाऱ्यांचं कापड, पुढे शहरातल्या सभ्य लोकांनी उचललं. आईनं विमानतळावर कोट हातात घेतला, बोटांनी चुरडून पाहिला आणि म्हणाली, "ही तर घोंगडीच की गं. इस्त्री केलेली." मी दहा वर्षं लोडेन पाहते आहे, पण हे मला सुचलं नव्हतं. आपल्याकडे सनगर लोक दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. धनगर तिची खोळ करून भर पावसात मेंढरांमागे उभा राहतो. तेच शास्त्र, नुसती बटणं नाहीत.

साडीचा प्रश्न सर्वांत अवघड होता. "मी पँट घालणार नाही हं," आईनं आधीच जाहीर केलं होतं. तडजोड अशी झाली की दिवसा सलवार-कमीज, आत लोकरी लेगिंग. आणि मुझिकफेराइनमधल्या मैफलीच्या संध्याकाळी साडी, तीही जरा आखूड नेसून, म्हणजे काठ बर्फाच्या चिखलात लोळणार नाही. आत लेगिंग आणि फ्लॅनेलचा परकर, पायात बूट, वर लोडेन. ती रांगेत उभी होती तेव्हा कुणाला कळलंही नाही की आत इरकली आहे. इथल्या संगीतगृहांत कोट घालून आत बसायची पद्धत नाही, तो दाराशी काउंटरवर ठेवायचा आणि बिल्ला घ्यायचा. म्हणून सांगते, कोट कितीही देखणा असला तरी तुमची खरी ओळख त्याच्या खालच्या थराची. आईनं कोट उतरवून बिल्ला घेतला, पदर सारखा केला, आणि १८७० सालच्या त्या सोनेरी इमारतीत अशी चालत गेली की जणू शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघाली आहे.

पण मला सांगायचा आहे तो दिवस आदल्या दिवसाचा. आम्ही कलासंग्रहालयात होतो, १८९१ साली उघडलेल्या त्या भल्याथोरल्या इमारतीत. तिथे पीटर ब्रूगेलचं १५६५ सालचं 'बर्फातले शिकारी' आहे. पाठमोरे तीन शिकारी, कुत्री, खाली गोठलेल्या तळ्यांवर खेळणारी माणसं. बाबा समोरच्या बाकावर बराच वेळ बसून होते. मग मला म्हणाले, "यांच्यातलं कोणी सडपातळ दिसत नाही. सगळ्यांनी तुझे थर घातलेत."

तिथून बाहेर पडून आम्हाला मिखाएलरप्लात्सला जायचं होतं. अंतर किलोमीटरभरसुद्धा नाही, पण मध्ये हेल्डनप्लात्सचं उघडं मैदान लागतं. त्या दिवशी उणे पाच होतं आणि वारा सुटला होता. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात उणे पाच हे उघड्या चेहऱ्याला उणे तेरासारखं लागतं. ट्रामनं जाऊ, असं मी म्हटलं. बाबांनी मफलर नाकावर ओढला, टोपी कानांवर घेतली आणि हातानंच 'चल' म्हणाले. दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा आईनं काही न बोलता त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं. मी घड्याळाकडे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे आळीपाळीनं पाहत होते. राजवाड्याच्या कमानीखाली पोचल्यावर वारा पडला. त्यांनी मफलर खाली केला. ओठ लाल होते, निळे नाही. "काही नाही गं, बर्फ बघत होतो," ते म्हणाले. मला एवढंच हवं होतं. ते थर, ते अर्ध्या मापाचे हिशेब, सगळं त्या एका मैदानासाठी होतं.

कमानीतून बाहेर पडलं की समोरच एक साधी, चपट्या तोंडाची इमारत दिसते. आडोल्फ लोस या वास्तुविशारदानं ती १९०९ ते १९११ मध्ये बांधली, एका शिंपीकाम करणाऱ्या फर्मसाठी. खिडक्यांभोवती नक्षी नाही म्हणून तेव्हा एवढा गहजब झाला की काम मध्येच थांबवलं होतं. शेवटी खिडक्यांना फुलांच्या कुंड्या लावायच्या तडजोडीवर सुटका झाली. याच लोसनं १८९८ साली व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात पुरुषांच्या कपड्यांवर लिहिलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की चांगला पोशाख तोच, जो चारचौघांत उठून दिसत नाही. आणि पुढे त्यानं असंही मांडलं की नक्षीमुळे वस्तू फाटायच्या आधीच जुनाट वाटू लागते.

हे कपड्यांना तंतोतंत लागू आहे. करडा, गडद निळा, तपकिरी असे दोन-तीनच रंग घेतले की कशावरही काहीही जातं आणि निम्मी बॅग रिकामी राहते. फोटोतही दहा वर्षांनी हसू येत नाही. फक्त एका बाबतीत मी लोसचं ऐकत नाही. सगळ्या करड्यात एक वस्तू आपली असावी. आईचा जाड स्वेटर तिनं स्वतः विणलेला होता, १९९१ सालचा, वेण्यांच्या नक्षीचा, डाळिंबी रंगाचा. कॉफीहाउसात कोट खुंटीला लावल्यावर शेजारच्या टेबलावरच्या आजींनी तो कुठे मिळाला म्हणून विचारलं. मी जर्मनमधून सांगितलं, आईनं विणलाय. आजी उठून आल्या आणि बाहीची वीण उलटून पाहू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सुया किती नंबरच्या हे बोटांवर बरोबर ठरलं.

असो. आई-बाबा फेब्रुवारीत परत गेले, बॅगेत अठरा किलो घेऊन. दोन्ही कोट माझ्याकडेच आहेत, एक ३८ मापाचा, एक ४२. तेव्हापासून माझ्या दोन मावश्या, एक सहकारी आणि तिचे सासरे ते घालून युरोप हिंडून आले. तुमच्यापैकी कुणी येणार असेल आणि माप जुळत असेल तर जरूर न्या. बाबांनी पुढच्या जानेवारीसाठी ४२ चा आत्ताच राखून ठेवला आहे, तेवढा महिना सोडून.