ताळा जमेना तेव्हा

बँकेतील माझ्या सेवेच्या आरंभी खातेवह्या हाताने लिहिल्या जात. संध्याकाळी ताळा जमला नाही, तर वरिष्ठ प्रथम फरकाला ९ ने भाग जातो का, ते पाहायला सांगत. भाग गेला, की बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असे. निवृत्तीनंतर धर्मापुरीच्या घरी ही शिस्त एका वेगळ्याच प्रसंगी उपयोगी पडली.

बहिणीच्या १९९४ मधील विवाहाची व्हिडिओ कॅसेट मी संगणकावर उतरवून ठेवली होती. चालतेबोलते अण्णा असलेले आमच्याकडील ते एकमेव चित्रण. आईची दृष्टी मंदावत चालली आहे. संगणक माडीवर आणि तिला जिना चढवत नाही. खालच्या मोठ्या टीव्हीला नातवाचे प्लेस्टेशन ३ जोडलेले होते. ते फॅट३२ पद्धतीचाच पेनड्राइव्ह वाचते, आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आमची फाइल ६ जीबीची! म्हणून घरच्या वायफायवरूनच चित्रण खाली पाठवायचे ठरले. अंबाजोगाईहून कोणी जाणकार येईपर्यंत नातवाची सुट्टी संपली असती.

प्लेस्टेशनला संगणक दिसेचना. नातू एकदम चार ठिकाणी बदल करू लागला. मी म्हणालो, "बाळा, एका वेळी एकच नोंद तपासायची. नाहीतर चूक कुठली होती, तेच कळत नाही."

दोन्ही यंत्रे एकाच राउटरवर होती. विंडोजमध्ये प्रसारणाची परवानगीही दिलेली होती, पण ती जुन्या राउटरच्या वेळी. नवा राउटर आल्यावर घरचे नेटवर्क 'सार्वजनिक' म्हणून नोंदले गेले होते. अशा नेटवर्कला रेल्वे स्थानकासारखे परके समजून संगणक शेजारच्या यंत्रांपासून स्वतःला लपवतो. प्लेस्टेशनची हाक फायरवॉलपाशीच अडत होती. नेटवर्क 'खाजगी' केले, परवानगी नव्याने दिली आणि पडद्यावर संगणकाचे नाव उमटले.

फाइल मात्र उघडेना. तिचा एमकेव्ही प्रकार हे यंत्र स्वीकारत नाही. नातवाने रात्री हँडब्रेक या मोफत प्रणालीने तिचे एमपी४ मध्ये रूपांतर केले. सकाळी ती दीड जीबीची झालेली! म्हणजे आता पेनड्राइव्हवरही सहज मावली असती. आजोबा-नातू दोघेही हसलो.

आईची खुर्ची टीव्हीजवळ ठेवली. मांडवाच्या दाराशी अण्णा पाहुण्यांना म्हणत होते, "जेवल्याशिवाय जायचं नाही." आई डोळे मिटून बसली होती.

"चित्र नीट दिसत नाही रे," ती म्हणाली. "आवाज तोच आहे. पुन्हा लाव."

ती फाइल माझ्या संगणकात चार वर्षे पडून होती. तेव्हा आईला स्पष्ट दिसत होते. वाचकहो, आपल्या कपाटात अशी एखादी कॅसेट असेल, तर ती याच आठवड्यात बाहेर काढा.