एक गिअर, दोन पाय आणि अजिंठ्याचा डोंगर

"मॅडम, किती गिअरची?" जालना स्टेशनबाहेर सायकलवर बॅगा बांधत होते, तेव्हा एका रिक्षावाल्याने विचारलं. "एकच," म्हटल्यावर त्याचा चेहरा असा पडला, जणू दुकानदाराने मला चांगलंच गंडवलंय!

पण सिंगलस्पीडची मजाच ती. ना गिअरच्या केबल, ना डिरेलर. भोकरदनच्या काळ्या मातीत पावसानंतर शिरलात की पटेल. चिखल डिरेलरमध्ये जाऊन बसला, तर वीकेण्ड संपलाच म्हणून समजा. इथे बिघडायलाच काही नाही. फक्त एक निर्णय घरून निघण्याआधी घ्यावा लागतो : पुढे किती दात, मागे किती?

माझे पुढे ३२, मागे १६. म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक दोनदा. पुण्याच्या रस्त्यांवर एकदम झकास. जालन्याहून राजूरच्या गणपतीपर्यंतही झकास. पुढे भोकरदन, केळणा नदी आणि उत्तरेला अजिंठ्याची रांग. मला जायचं होतं डोंगरातल्या जाळीच्या देवाला, महानुभाव पंथाच्या देवस्थानाला. त्याआधीच्या कच्च्या वाटेवर सुटे दगड, आणि तंबू-पाणी-स्टोव्ह धरून मागे दहा किलो. पहिल्याच चढाला गुडघे बोलू लागले. मी सीटवरून उठून दात-ओठ खात पायडल मारतेय, आणि शेजारून दुधाच्या कॅन लावलेली काळी सायकल पुढे गेली. काका चक्क चालत होते. चढ लागायच्या आधीच उतरले होते.

"उतरा की ताई. पाय उद्याला बी लागतेत ना?"

त्या काळ्या सायकलला साधारण पुढे ४४, मागे १८ दात असतात. म्हणजे गिअर माझ्याहून जड. तो सपाटीसाठी, चढाला सरळ उतरायचं. लाज कसली? अख्ख्या मराठवाड्याने आयुष्य सिंगलस्पीडवर सामान वाहिलंय. आपण त्याला आता बाइकपॅकिंग म्हणतो, एवढंच!

तर फंडा असा. २९ इंची चाकाला ३२-१६ म्हणजे पायडलच्या एका फेरीत साडेचार मीटरहून थोडं जास्त. ३२-२० म्हणजे पावणेचार मीटरच्या आत. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या, तर वेग ताशी साडेसोळावरून तेरावर येतो. सपाटीवर तेवढं सोडा आणि चढ कमवा. सामान असेल तर सपाटीचा विचार करून गिअर निवडूच नका. संध्याकाळी, थकल्यावर, बॅगांसकट जो चढ चढायची इच्छा असेल, त्याच्यासाठी निवडा. त्याहून उभा चढ पायी.

निघण्याआधी भरल्या बॅगांनी घराजवळचा चढ दहा मिनिटं चढून बघा. बोलता येत नसेल, तर मागे दोन दात वाढवा. मागचा एक दात म्हणजे पुढचे साधारण दोन. आणि हे काम शहरातच उरका. फ्रीव्हील काढायला त्याचा खास पाना लागतो आणि १६चं २० केलं, तर चेनही दोन कड्यांनी लांब लागते.

माझी सायकल आता ३२-२० आहे. पुण्यात शाळेतली पोरं मला ओव्हरटेक करतात. करू देत. डिसेंबरात पुन्हा त्याच वाटेने गेले. पहिला चढ सायकलवर बसून चढले. दुसरा काकांसारखा, चढ लागायच्या आधीच उतरून.