खून कोणी केला?

सिनेमात खून झाला की पोलीस आधी कोणाला धरतात, हे वाचकांनी एकदा लक्ष देऊन पाहावे. घरचा नोकर, माळी, ड्रायव्हर, नाहीतर कोणी कफल्लक माणूस. ही खोड मला लागली ती 'इत्तेफाक'पासून. १९६९ सालचा हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो व्हीडिओवर, आमच्या उरणच्या वस्तीत, १९९० च्या आसपास.

मुंबई समोर दिसायची, पण मोऱ्याच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर जाऊन सिनेमा पाहून परतणे पावसाळ्यात जमण्यासारखे नव्हते. मग घरटी वर्गणी काढायची आणि टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणायच्या. पहिल्या दोन मारामारीच्या. तिसरी लागेपर्यंत पोरे झोपून गेलेली असत आणि बायकामाणसांना निवांत बघायला मिळे.

'इत्तेफाक' कमी खर्चातला सिनेमा. बी. आर. चोप्रांच्या संस्थेच्या दुसऱ्या मोठ्या सिनेमाचे चित्रण अडले होते. त्या मोकळ्या दिवसांत धाकटे भाऊ यश चोप्रा यांनी 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून हा महिनाभरात उरकला. बहुतेक गोष्ट एका घरात, एका पावसाळी रात्री घडते. गाणे एकही नाही. तरी दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक यश चोप्रांना याच सिनेमाने मिळवून दिले. आमच्या कॅसेटीवर तर पाऊस कुठला आणि घासलेल्या फितीच्या रेघा कुठल्या, तेच कळत नव्हते.

राजेश खन्ना यात चित्रकार आहे. बायको श्रीमंत. दोघांचे कडाक्याचे भांडण होते, रागाच्या भरात तो जिवे मारायची धमकी देतो, घराबाहेर पडतो आणि परत येतो तर ती मरून पडलेली. झाले, खुनी ठरला. कोर्टात त्याचा तोल जातो म्हणून त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवतात. तिथून पळून तो एका एकट्या बाईच्या घरात शिरतो. ती बाई म्हणजे नंदा, मास्टर विनायकांची कन्या. 'छोटी बहन'मध्ये तिला पाहून डोळे पुसलेल्या आमच्या काकी तिच्याच बाजूने बसल्या होत्या. त्या घरात त्याला एक प्रेत दिसते. दाखवायला जातो तर प्रेत नाही! सगळे म्हणतात, वेडाच आहे.

तेवढ्यात माझी आई म्हणाली, "तो खरं बोलतोय."

"तुला गं काय माहीत?" काकींनी विचारले.

"त्याला नीट विचारलंय का कोणी? आधीच ठरवून बसलेत."

आई तेव्हा एका कॉलनीत धुणीभांडी करायची. वर्षभरापूर्वी तिथल्या एका घरातले कानातले हरवले होते. चार बायकांसमोर आईला पदर झटकायला लावला, कनवटीला काय आहे ते दाखवायला लावले. संध्याकाळी हवालदार वस्तीत आला. तिसऱ्या दिवशी कानातले त्यांच्याच न्हाणीच्या जाळीत सापडले. माफी मागायला कोणी आले नाही. आई मात्र जाऊन त्या महिन्याचा पगार मोजून घेऊन आली आणि पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. शेवटी खुनी कोण निघतो, ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. आईचे बरोबर होते, एवढेच.

एक गोष्ट आज खटकते. मनाचा आजार म्हणजे घाबरून दार लावून घेण्याचा प्रकार, असेच यात दिसते. ते बरे नाही.

बी. आर. चोप्रांचा १९६० चा 'कानून'ही असाच बिनगाण्यांचा. मला तो 'इत्तेफाक'पेक्षा मोठा वाटतो. सावकाराचा खून होतो आणि त्याच वेळी चोरी करायला शिरलेला भुरटा चोर कालिया सापडतो. नाना पळशीकरांनी तो असा उभा केला आहे की सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर त्यांना मिळाले. चोर तो आहेच. पण चोर आहे म्हणून खुनीही असणार, हे सगळ्यांना किती सोपे वाटते! आणि वकिलाचा संशय असतो खुद्द न्यायाधीशावर. घरातल्या शिकत्या मुलामुलींना हा सिनेमा जरूर दाखवावा.

२०१७ साली 'इत्तेफाक' नव्याने निघाला. त्यात संशयित म्हणजे एक नामवंत लेखक. सिनेमा चकचकीत आहे, अक्षय खन्नाचा पोलीस अधिकारी झकास आहे. आईला मोबाईलवर लावून दिला. अर्धा पाहिला आणि म्हणाली, "याचं ऐकून घ्यायला माणसं आहेत की." मग चष्मा काढून ठेवला आणि तांदूळ निवडायला बसली.