दोन प्रकारची शाई

आमच्या मेजावर लाल शाईची एक लेखणी नेहमी पडलेली असते. वीसएक वर्षांच्या अध्यापनात तिने किती प्रगतिपुस्तकांवर किती शेरे लिहिले, याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. विद्यार्थी मात्र तो ठेवीत असतात, हे आम्हास बरेच उशिरा कळले. त्यांतील एका शेऱ्याची हकीकत यंदाच्या वार्षिकासाठी लिहावयाचे योजले आहे. ती आम्हास फारशी भूषणावह नाही. तथापि शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडत असेल तर ती झाकून ठेवण्यात तरी काय अर्थ आहे?

सन २०२२ च्या पहिल्या सत्रात इयत्ता नववीतील एक विद्यार्थी विज्ञानात अनुत्तीर्ण झाला. मुलगा स्वभावाने शांत, परंतु त्याची बोटे कधी शांत नसत. बाकावर, वहीच्या पुठ्ठ्यावर, प्रसंगी पुढच्या मुलाच्या पाठीवरसुद्धा त्याचा ठेका चाले. रविवारी उपासनेच्या वेळी भजनांना तबल्याची साथ तोच करी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळींत भजनाची व कीर्तनाची गोडी लावली, तेव्हापासून आमच्या देवळांत पेटीबरोबर तबलाही नांदत आला आहे. तेथे त्याचे वादन ऐकून आम्हीही अनेकदा मान डोलविली होती. परंतु सोमवारी शाळेत येताना ती मान आम्ही घरी ठेवून येत असू. प्रगतिपुस्तकावर आम्ही लाल शाईने लिहिले, "तबल्यात दवडला जाणारा वेळ विज्ञानास द्यावा."

दिवाळीच्या सुटीनंतर मुलगा परत आला तो अगदी निमूट. बाकावरचा ठेका थांबला होता. आम्ही समाधान पावलो. अभ्यासात लक्ष लागले, असा अर्थ आम्ही काढला; वस्तुतः केवळ वाजणे थांबले होते.

पुढे नागपुरास मोठा योग आला. आमच्या विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. त्याच्या शताब्दीच्या निमित्ताने भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन ३ ते ७ जानेवारी २०२३ या दिवसांत येथे भरावयाचे होते. ही काँग्रेस नागपुरास काही नवी नव्हे. सन १९२० मध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखाली तिचे सातवे अधिवेशन याच नगरीत झाले होते. अमरावती मार्गावरील विद्यापीठाच्या आवारात वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना घेऊन जावे, आणि तत्पूर्वी त्यांना एखाद्या भारतीय शास्त्रज्ञाचा परिचय करून द्यावा, असे आम्ही ठरविले. निवड करणे कठीण नव्हते. गांधीसागराजवळचे रमण विज्ञान केंद्र आमच्या मुलांच्या पायाखालचे आहे. परंतु ज्यांच्या नावे ते उभे आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण स्वतः नागपुरास राहिले होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. सन १९१० मध्ये सरकारच्या हिशेब खात्यातील तरुण अधिकारी म्हणून त्यांची रंगूनहून येथे बदली झाली, आणि पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यास गेले. प्रकाशाच्या विकिरणाचा त्यांचा शोध सन १९२८ चा, व नोबेल पारितोषिक १९३० चे, हे पाठ्यपुस्तकात असतेच. त्यापलीकडचे काही सांगावे म्हणून आम्ही वाचू लागलो, आणि एके रात्री एका वाक्यापाशी येऊन थबकलो. रमण यांनी वर्षानुवर्षे वाद्यांचा अभ्यास केला होता, आणि त्यांतील एक विषय होता मृदंग व तबला!

सन १९२० मध्ये, म्हणजे नागपुरास पहिली विज्ञान काँग्रेस भरली त्याच वर्षी, रमण व त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी या वाद्यांविषयीचे टिपण 'नेचर' या विलायती पत्रात प्रसिद्ध केले. सन १९३४ मध्ये रमण यांनी तोच विषय सविस्तर मांडला. त्याचा सारांश विद्यार्थ्यांना कळेल असा सांगतो. सतारीची तार छेडली म्हणजे मूळ स्वराबरोबर तिच्यातून आणखी बारीक स्वर निघतात. त्यांची कंपनसंख्या मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पूर्ण पटीत असते, म्हणून ते सर्व एकमेकांत मिसळून कानाला गोड लागतात. ताणलेल्या साध्या कातड्याची गोष्ट निराळी. त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडवेतिडवे येतात. म्हणून साध्या ढोलाचा नाद मोठा असतो, पण त्यातून निश्चित स्वर ऐकू येत नाही. आता तबल्याच्या मधोमध असलेला तो काळा, गोल लेप पाहा. त्यास आपण शाई म्हणतो. त्या शाईच्या भाराने कातड्याची चाल बदलते, आणि बेशिस्त उपस्वर जवळजवळ पूर्ण पटींवर येऊन बसतात. कातडे नऊ निरनिराळ्या तऱ्हांनी कंप पावते, परंतु त्या नवांतून स्वर निघतात ते पाचच, आणि ते पाचही एका कुटुंबातील, असे रमण यांना आढळले. कातडे तारेप्रमाणे गाऊ लागते ते असे.

ही युक्ती कोणा प्रयोगशाळेत निघाली नव्हती. गणिताची आकडेमोड न करता, केवळ कानाच्या साक्षीने, कारागिरांच्या कित्येक पिढ्यांनी ती सिद्ध केली होती. रमण यांनी तिच्यापुढे नम्र होऊन तिचे कारण शोधले. आणि आम्ही? आम्ही विज्ञानाच्या नावाने एका मुलास त्याच वाद्यापासून दूर केले होते! त्या रात्री आम्हास स्वस्थ झोप लागली नाही.

अधिवेशनास आम्ही गेलो. विद्यापीठाच्या नावाची पाटी तोवर आम्ही शेकडो वेळा पाहिली असेल, परंतु त्या दिवशी ती आम्ही प्रथमच वाचली, असे म्हणण्यास हरकत नाही. सन २००५ पासून या विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. खंजिरीच्या ठेक्यावर भजने गाऊन ज्यांनी विदर्भातील खेडी जागविली, त्यांच्या नावाच्या विद्यापीठात देशभरचे शास्त्रज्ञ जमले होते. अधिवेशनात आदिवासींच्या पारंपरिक ज्ञानाचा विचार करण्यासाठी एक स्वतंत्र परिषदही होती. ते पाहून आम्हास ज्यांच्या नावाच्या कॉलेजात आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण झाले, त्या स्टीफन हिस्लॉप यांची आठवण झाली. सन १८४५ मध्ये नागपुरास आलेले हे मिशनरी शिक्षक सवड मिळताच हातोडी घेऊन खडक फोडीत, दगडांतील जीवाश्म गोळा करीत, आणि त्याच फेऱ्यांत गोंड लोकांची गीते व कथाही उतरवून घेत. एका खनिजास त्यांच्यावरून हिस्लोपाइट हे नाव मिळाले. त्यांनी टिपलेली गोंडी गीते व माहिती त्यांच्या मृत्यूनंतर, सन १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. दगड आणि गाणे ही दोन्ही एकाच माणसाच्या जिज्ञासेत मावली होती. आमच्या प्रगतिपुस्तकात मात्र त्यांच्यामध्ये एक लाल रेघ होती.

परतीच्या वाटेवर बसमध्ये आम्ही मुलांना रमण यांच्या तबल्याची गोष्ट सांगितली. सर्व मुले त्या विद्यार्थ्याकडे पाहू लागली. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "उद्या तू तुझा तबला शाळेत घेऊन ये. आपण हा प्रयोग करून पाहू." त्याने खाली पाहत उत्तर दिले, "सर, तबला आता घरी नाही. बाबांनी तो विकायला दिला आहे."

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम करतात. त्यांनी आदराने बसावयास दिले, आणि आमचे बोलणे ऐकून घेतल्यावर शांतपणे म्हणाले, "सर, शेरा तुमचाच होता. आम्ही काही फार शिकलेली माणसं नाही. शाळेनं लिहिलं, ते मुलाच्या भल्याचंच असेल असं समजलो." त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्हास बोलणे सोपे गेले असते. आत दारापाशी मुलाची आई उभी होती, ती एवढेच म्हणाली, "तेव्हापासून घर फार मुकं झालं हो, सर."

दुसऱ्या दिवशी बापलेकांसह आम्ही महाल भागातील एका वाद्ये दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिराकडे गेलो. सुदैवाने जोडी अद्याप विकली गेली नव्हती. परंतु उजव्या तबल्याची पुडी फाटली होती. नवी पुडी चढवून देण्यास आम्ही सांगितले, आणि तिचे पैसे आम्हीच दिले. ते दान नव्हते, देणे होते. शाई कशी चढवितात हे पाहावयास मिळेल काय, असे विचारताच म्हाताऱ्याने दुसऱ्या एका पुडीचे चाललेले काम आमच्यापुढे ओढले. लोखंडाची बारीक भुकटी, काजळी आणि खळ यांचा काळा लगदा त्याने पुडीच्या मध्यावर पातळ पसरला, आणि एका गुळगुळीत दगडाने तो घासू लागला. एक थर वाळत आला की त्यावर दुसरा. घासता घासता शाईवर केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे पडते. त्या भेगांमुळेच शाई कातड्याला भार देते, पण त्याला ताठर करीत नाही. मध्येच तो बोटाने टिचकी मारी, कान जवळ नेई, आणि पुन्हा घासू लागे. केव्हा थांबावयाचे हे कसे समजते, असे आम्ही विचारले. तो हसून म्हणाला, "सर, कान 'पुरे' म्हणेपर्यंत घासायचं. आम्हाला दुसरं माप नाही."

मुलगा त्या हातांकडे टक लावून पाहत होता. वर्गात आम्ही कंपनाचा पाठ शिकविताना त्याची दृष्टी अशी स्थिर झालेली आम्हास स्मरत नाही.

दिनांक २८ फेब्रुवारी २०२३ रोजी, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळेच्या प्रदर्शनात त्याने आपला प्रयोग मांडला. रमण यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून तिच्या आकृती पाहिल्या होत्या. त्याने वाळूऐवजी रांगोळी घेतली. 'ना' हा बोल काढताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकवावी आणि तर्जनीने चाटेवर आघात करावा, असे त्याच्या उस्तादांनी शिकविले होते. का, ते सांगितले नव्हते. त्याने तसे वाजविले. रांगोळीचे कण थरथरले, उडाले, आणि टेकविलेल्या बोटापासून पुडीच्या पलीकडल्या काठापर्यंत त्यांची एक पुसट रेघ उमटली. "ही रेघ हलत नाही," तो पाहणाऱ्यांना सांगू लागला, "हिच्या दोन्ही बाजू हलतात. बोट टेकवलं नाही तर मूळ स्वर मध्ये येतो. टेकवलं की तो दबतो आणि वरचा स्वर मोकळा होतो." वडील गर्दीत मागे उभे होते. मुलाचे विज्ञान त्यांनी बहुधा त्या दिवशी प्रथमच ऐकले. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही.

या गोष्टीचा शेवट कथेतल्यासारखा झाला नाही. तो मुलगा पुढे विज्ञानात पहिला आला नाही. शालान्त परीक्षेत बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाला, इतकेच. तबला आजही वाजवितो. मोठा शास्त्रज्ञ होईल की मोठा वादक, की दोहोंपैकी काहीच नाही, हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. तसा अधिकार आहे असे समजूनच आम्ही एकदा लेखणी उचलली होती.

प्रदर्शन आटोपल्यावर रांगोळी झाडीत असताना त्याने आम्हास सहज विचारले, "सर, तबल्यात विज्ञान आहे, तर मग तुम्ही तसा शेरा का लिहिला होता?" विद्यार्थ्यांच्या प्रश्नांस उत्तरे देणे हा आमचा व्यवसाय आहे, परंतु त्या प्रश्नास आमच्यापाशी एकच उत्तर होते. आम्ही म्हणालो, "आम्हास ठाऊक नव्हते, बाळ. चूक झाली." त्याने मान हलविली, आणि तबला गवसणीत घालू लागला.

तेव्हापासून प्रगतिपुस्तके भरावयास बसलो म्हणजे महालातील तो म्हातारा डोळ्यांपुढे येतो. तोही शाईचेच काम करतो. परंतु प्रत्येक थर देण्यापूर्वी तो आधी ऐकतो.