हरवलेला ‘खट्ट’

मालवण, श्रावण. आज पावसाने उघडीप दिली, म्हणून बाबांचा यशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेरा खोलून बसलो. हे मॉडेल १९६६ साली बाजारात आलं. फिल्म पुढे ओढली की आतून ‘खट्ट’ असा आवाज यायचा. तो आता येत नाही. कारण आतली इवलीशी रबरी गादी वर्षानुवर्षांत विरघळते आणि शटरची वेळ चुकू लागते. यशिकाची मालक कंपनी क्योसेराने २००५ मध्ये यशिकाचे कॅमेरे बनवणं थांबवलं. नवा सुटा भाग आता कुठून मिळणार? त्याला लागणारा पाऱ्याचा ५.६ व्होल्टचा सेलही बंद झाला. ६ व्होल्टचा सेल अडॅप्टरमध्ये घालून भागतं. मुंबईच्या बोरा बाजारातल्या एका कारागिराने मार्ग सांगितला: योग्य जाडीचं रबर कापून बसवा, बाकीचे भाग दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढा.

आमच्या खाऱ्या, दमट हवेत भिंगाला बुरशीही लवकर धरते. पण याच भिंगातून बाबांनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं टिपली. हा कॅमेरा पुन्हा चालायलाच हवा.

तुमच्या माळ्यावर असा कॅमेरा पडून असेल, तर भंगारात देऊ नका. त्याच्या भागांवर दुसरा एखादा कॅमेरा जगेल.