बिनपगारी कारभारी

मंडळ म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आधी फलक येतो, मग हारतुरे आणि मग व्यासपीठावरच्या खुर्च्या. कोणत्या खुर्चीवर कोणी बसायचे यावरून आपल्याकडे किती मंडळे फुटली, हे वाचक बंधू-भगिनींना मी सांगायला नको. पण काही मंडळांना व्यासपीठही नसते आणि खुर्च्याही नसतात. त्यांचा सगळा कारभार सतरंजीवर चालतो. अशाच एका लहानशा मंडळाच्या तीन कारभाऱ्यांची ओळख आज करून द्यायची आहे.

आम्ही राहात्याचे. आमचे गाव नगर-मनमाड रस्त्यावर आहे आणि पेरूंसाठी प्रसिद्ध आहे. शिर्डी इथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे देव्हारे, चौरंग, फोटोच्या कोरीव चौकटी यांना आमच्याकडे बाराही महिने गिऱ्हाईक असते. आमचे हे आयटीआयमध्ये सुतारकाम शिकले आणि नंतर एका वयस्कर मिस्त्रींच्या हाताखाली कोरीवकाम शिकले. हे कोरतात, मी काचपेपर मारते आणि पॉलिश करते. आसपासच्या गावांतले असेच वीस-बावीस कोरीवकामवाले एकत्र आले आणि मंडळ झाले. महिन्याची बैठक आमच्या ओसरीवर भरते, म्हणून हे कारभारी मला जवळून पाहायला मिळतात. 'आमची नावे छापू नका' असे तिघांनीही बजावले आहे. तेव्हा नावाऐवजी कामावरूनच ओळख करून देते.

पहिले अध्यक्ष. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना 'बाबा' म्हणतात. आमच्या ह्यांना कोरीवकाम शिकवणारे मिस्त्री ते हेच. बाबा सुतार समाजाचे, आणि शिकणाऱ्या पोरांत निम्मी आपली बौद्ध समाजाची. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण जुन्या गावगाड्यात वाकस, रंधा आणि पटाशी सुताराच्या घरात असायची आणि आपल्या घरात वेसकराची काठी. ज्याची जी वस्तू, त्याच्या पोराच्या हातात तीच यायची. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये इथून जवळच हरेगावला परिषद भरली होती आणि बाबासाहेब स्वतः तिथे आले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. जात ही नुसती कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवले होते. ती वाटणी मोडायची तर कोणीतरी आपले हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. बाबांनी ते दिले. त्यांच्या नात्यागोत्यातल्या काहींनी नाके मुरडली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "शिकणाऱ्याचा हात बघायचा, आडनाव कशाला बघायचे?"

दर रविवारी सकाळी ते तीन तास शिकवतात. फी नाही. पहिला महिना फक्त पटाशीला धार लावायची. पोरे कंटाळतात, पण बोथट पटाशी लाकूड कापत नाही, चिरडते आणि जास्त जोर लावायला लागून हातावर घसरते. त्यानंतर कागदावर कमळ काढायचे. मग शिवणीच्या मऊ फळीवर ते कोरायचे आणि हात बसल्यावर सागवान. आधी पाकळीची कड सरळ खाली कापून घ्यायची, भोवतालचे लाकूड काढून जमीन खाली न्यायची आणि पाकळीला गोलाई सगळ्यात शेवटी द्यायची. लाकडाच्या रेषेच्या उलट पटाशी चालवली तर पाकळीचे टोक उखडते, आणि उखडलेले टोक पुन्हा बसत नाही. एकेका पोराच्या मनगटाला धरून बाबा हे दाखवतात. तेवढ्या वेळात त्यांचे स्वतःचे एखादे काम झाले असते, दोन पैसे मिळाले असते.

दुसरे आमचे चिटणीस. वय तिशीच्या आतले. दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात दारे-खिडक्या करतात आणि रात्री मंडळाची कागदपत्रे घेऊन बसतात. संस्था नोंदवायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. त्यावर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे नियम असतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला पाहिजे. तो राहिला तर पुढे बँकेच्या खात्यावर सही कोणाची यावरूनच घोडे अडते. सागवान आणायचे तर वाहतुकीचा परवाना हवा. हे सगळे चिटणीसच पाहतात.

दिनांक १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतारही आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५ हजार रुपये, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्यांदा एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. चिटणिसांनी एकेका कारागिराला सोबत घेऊन सेवा केंद्रासमोर रांगा लावल्या. कोणाच्या आधारवर नाव चुकलेले, कोणाचा मोबाईल जोडलेला नाही, कोणाचे अंगठ्याचे ठसे लाकूड घासून घासून उमटत नाहीत. त्या महिन्यात त्यांचे कितीतरी खाडे पडले. अमेरिकेत १९५३ पासून कोरीवकाम करणाऱ्यांची देशव्यापी संघटना आहे आणि 'चिप चॅट्स' नावाचे तिचे नियतकालिकही आहे. तिथे पुष्कळ जण हौस म्हणून लाकूड कोरतात. आमच्याकडे ते पोटासाठी कोरतात. म्हणून आमच्या चिटणिसाने मंडळाला दिलेला प्रत्येक तास त्याच्या मजुरीतून वजा होतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

या योजनेचा एक नियम असा, की एका कुटुंबातून एकालाच लाभ. आमच्या घरात प्रश्न पडला नाही, अर्जावर ह्यांचे नाव गेले. बहुतेक घरांत पुरुषांचीच नावे गेली. तिथून मी तिसऱ्या कारभाऱ्यांकडे वळते, कारण नावाचा प्रश्न आमच्या मंडळात पहिल्यांदा त्यांनीच काढला.

आमच्या खजिनदार या एक बाई आहेत. आम्ही त्यांना 'ताई' म्हणतो. यजमान वारल्यावर त्यांनी पॉलिशच्या कामावर दोन मुले वाढवली. मंडळ निघाले तेव्हा 'पटाशी धरतो तो सभासद' असे ठरले होते. काचपेपर मारणाऱ्या, पुट्टी भरणाऱ्या, पॉलिशचे हातावर हात चढवणाऱ्या आम्ही बाया चहा करायला हजर, पण वहीत कोणाचेच नाव नाही. एका बैठकीत ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चौकट दुकानात जाते ती नुसत्या पटाशीने जाते का? बिनपॉलिशची एक तरी नेऊन दाखवा." काही जण हसले. एक गृहस्थ म्हणाले, "एका घरात दोन सभासद कशाला? घराचे एक मत पुरे." त्यावर ताईंनी विचारले, "मग मी कोणाच्या घरातली धरायची? माझ्या घरात तर मीच आहे."

दोन बैठका वाद चालला. आमच्या ह्यांनी पहिल्या बैठकीत तोंड उघडले नाही. दुसऱ्या बैठकीत मात्र हात वर केला. शेवटी ठराव झाला: वस्तूवर ज्याचा हात फिरतो तो सभासद, आणि प्रत्येकाने आपली वर्गणी आपल्या नावाने भरायची. त्या दिवशी अकरा बायांची नावे वहीत चढली. माझ्या नावाची पावती मी अजून जपून ठेवली आहे. पन्नास रुपयांची पावती ती काय, पण माझ्या कामाचा कुठे लिहिलेला असा तो पहिलाच कागद.

पुढच्या वर्षी सर्वांनी ताईंनाच खजिनदार केले. त्यांची पद्धत साधी आहे. पैसे आले की त्याच वेळी पावती. गेले की त्याच रात्री कीर्दीत नोंद. महिन्याच्या बैठकीत शिल्लक मोठ्याने वाचायची, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळते. बँकेतून काढायला दोन सह्या. हत्यारांसाठी उसने दिलेल्या पैशांची वही वेगळी. माल दुकानात पोचवला की दुकानदाराची सही घेतल्याशिवाय परतायचे नाही, हा नियमही त्यांचाच. एका व्यापाऱ्याने 'एवढा माल आलाच नव्हता' म्हणून चाळीस चौकटींचे पैसे अडवून धरले होते. ताईंनी सहीचा कागद समोर ठेवला. आवाज चढवला नाही की शिव्याशाप दिले नाहीत. आठ दिवसांत पैसे आले. त्या चाळीस चौकटींत आमच्या घरच्या बारा होत्या, आणि धाकटीच्या शाळेची फी त्यावर अडली होती.

लिहून ठेवण्याची ही गोष्ट आपल्याकडे आजची नाही. नाशिकच्या लेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्या काळच्या कारागीर मंडळांकडे, तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा. वाचकांनी हिशेब करून पाहावा, बरोबर जमतो! राजाच्या जावयाने पैसे ठेवले ते विणकरांच्या मंडळाकडे. म्हणजे त्या मंडळांचे हिशेब केवढे चोख असतील!

त्याच लेण्यांत विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचाही लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी तिने कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही होती. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आहेत. आणि आमच्या धंद्याला सगळ्यात जवळचा लेख कार्ल्याला आहे. तिथल्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने केले, असे दाराशीच कोरलेले आहे. सामीच्या बापाचे नावही त्यात आहे. आत छताला लाकडी कमानी आणि स्तूपावर लाकडी छत्र आजही आहे.

मागे एकदा मंडळाची सहल वेरूळला गेली होती. तिथल्या दहाव्या लेण्याला लोक विश्वकर्मा लेणे किंवा सुताराची झोपडी म्हणतात. आत भगवान बुद्धांची मूर्ती, मागे स्तूप आणि वर दगडात कोरलेल्या कमानी, जणू लाकडी वासेच घातले आहेत. लाकडात जे करायची सवय होती तेच कारागिरांनी दगडात उतरवले. बाबा किती तरी वेळ मान वर करून उभे होते. शेवटी म्हणाले, "हात आपल्याच धंद्याचा आहे." ताई मात्र इकडेतिकडे बघत होत्या. त्यांनी विचारले, "ह्यांची नावे कुठे लिहिली आहेत?" मार्गदर्शकाला काही सांगता आले नाही.

कोणी म्हणेल, ही झाली जुनी गोष्ट. तर आमच्याच तालुक्यातले लोणी बघा. विठ्ठलराव विखे पाटील फार शिकलेले नव्हते. त्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना अध्यक्षपदी आणले. १९५०-५१ च्या हंगामात तिथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. लोकांचा विश्वास मिळवणारा एक आणि हिशेब जाणणारा एक, अशी जोडी लागते. आमच्या मंडळाचा आकार त्यापुढे मुंगीएवढा, पण गरज तीच आहे.

आता खरी अडचण सांगते. येत्या वार्षिक सभेत तिघांचीही मुदत संपते आहे. बाबांचा हात थरथरू लागला आहे. चिटणिसांचे लग्न ठरले आहे आणि घरचे म्हणतात, आता बिनपगारी धावपळ पुरे. ताईंना मोतीबिंदू झाला असून बारीक आकडे दिसत नाहीत. मंडळात सभासद आहेत, वर्गणी आहे, पण 'मी करतो' म्हणणारा पुढे येत नाही. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने करावे. कारभार बिनपगारी असला तरी तो फुकटात होत नाही. त्याची किंमत कोणीतरी आपल्या रोजातून भरत असते, आणि तीच माणसे वर्षानुवर्षे भरत राहिली तर थकतात.

मी गेल्या पावसाळ्यापासून ताईंकडे कीर्द लिहायला बसते. त्या आकडे सांगतात, मी लिहिते आणि मग वाचून दाखवते. खजिनदार होण्याइतकी मी तयार झाले की नाही, ते सभा ठरवेल. पण ताईंचे रात्रीचे दोन तास तरी वाचले. रविवारच्या वर्गात शिकून तयार झालेल्या दोन मुलांनी नव्या पोरांना धार लावायला शिकवण्याचे काम बाबांकडून घेतले आहे. चिटणिसांची जागा अजून रिकामी दिसते.

तुमच्याही गावात असे एखादे मंडळ असेल. लाकडाचे असो, बचत गटाचे असो, नाही तर विहाराचे. तिथे पावत्या कोण फाडतो, रात्री वही कोण लिहितो, कार्यालयात खेपा कोण घालतो, एकदा चौकशी करा. त्या माणसाचा सत्कार नाही केला तरी चालेल. आठवड्यातला एक तास त्याच्या हातातले काम आपल्या हातात घ्या. आणि वहीत आपल्या घरातल्या कोणाकोणाचे नाव आहे, तेही बघून या. नसेल, तर पुढच्या बैठकीला वर्गणी घेऊन आपल्या नावाने पावती मागा.

जयभीम!